मार्चमधली मनाली: जावं की नको?

प्रश्न: बागेचा माल गेला की मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन मनालीला जायचं ठरवलंय. अंदाजात मात्र बर्फ, पाऊस आणि सोसाट्याचा वारा, तिन्ही दाखवतायत. बुकिंग रद्द करू का? (एक वाचक, निफाड)

उत्तर: रद्द करू नका, पण बेत सैल ठेवा. मी दरवर्षी मार्चमध्ये गट घेऊन तिकडे जाते, आणि या महिन्यात तारखेला चिकटून बसणाऱ्यांचेच हाल होतात.

हे सगळं करतो तो पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून निघतो, इराण-अफगाणिस्तानावरून हिमालयाला येऊन धडकतो. त्याचीच थंड हवा खाली उतरून समुद्रावरच्या बाष्पाला भेटली की आपल्याकडे गारा पडतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तुम्ही विसरला नसाल.

एकाच दिवशी तिन्ही गोष्टी कशा, तर उंचीमुळे. हजार मीटर वर गेलं की पारा साधारण सहा अंशांनी उतरतो. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड 3060 मीटरवर. त्यामुळे मॉल रोडवर छत्री उघडावी लागते तेव्हा बोगद्याशी बर्फ पडत असतो. फोनवर नुसतं ‘मनाली’ बघून बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला निघू नका.

पावसाची खरी धास्ती मला खालच्या रस्त्याची वाटते. मंडी ते कुल्लू हा टप्पा बियासच्या काठाने, उभ्या कड्यांखालून जातो. पंडोह ते औट या पट्ट्यात पाऊस लागला की दगड सुटतात. दिल्लीची रात्रीची व्होल्वो तिथून अंधारात किंवा पहाटे जाते. ऑरेंज अलर्ट असेल तर ती बस नकोच. दिवसा प्रवास करा, मंडीत मुक्काम टाका. एक रात्र जादा पडली तरी चालेल.

बर्फ थांबून लख्ख ऊन पडलं की सगळे सिस्सूकडे पळतात. तुम्ही थांबा. ताज्या बर्फाचे थर ऊन लागल्यावर उतारावरून सुटतात. आणि भर बर्फवृष्टीत काय होतं ते 28 फेब्रुवारी 2025 ला उत्तराखंडात माणाजवळ दिसलं: रस्त्याच्या कामावरच्या 54 मजुरांच्या तळावर हिमस्खलन कोसळलं, आठ जण गेले. तो डोंगर वेगळा, पण बर्फाचा स्वभाव तोच. एक दिवस वशिष्ठचे गरम कुंड आणि नग्गर बघा. रस्ता प्रशासनाने मोकळा केल्यावरच बोगद्याकडे निघा, तेही सकाळी दहानंतर. पहाटे डांबरावर काचेसारखा बर्फ असतो, दिसतही नाही.

वाऱ्याने वडीलधाऱ्यांना जास्त त्रास होतो. झंझावात सरकला की वायव्येचा बोचरा वारा सुटतो, आभाळ निरभ्र असूनही हाडं गारठतात. एका जाड जॅकेटपेक्षा आत दोन लोकरीचे थर आणि वरून वारा अडवणारं जर्किन बरं. कानटोपी इथूनच न्या. बूट मात्र तिथे भाड्याने मिळतात, ते घ्या. चपला-सँडलवर आईंना बर्फात उतरवू नका.

हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा अंदाज निघायच्या तीन दिवस आधीपासून रोज बघा. दहा दिवसांपूर्वीच्या अंदाजावर तिकिटं फिरवू नका. परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा, आणि आईवडिलांच्या नेहमीच्या गोळ्या चार दिवसांच्या जादा घ्या.