लपवावं असं तिने केलंय तरी काय?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी इथेच जन्मली. रटगर्स विद्यापीठात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जीपीए 3.7. पदवी झाली की लॉ स्कूल, असं घरात ठरलेलं होतं. गेल्या उन्हाळ्यात ती राज्याच्या असेंब्लीला उभ्या असलेल्या एका उमेदवारासाठी दारोदार फिरली आणि तिथून सगळं बिघडलं. आता म्हणते, पुढच्या वर्षी पदवी हातात पडली की आयोवा, न्यू हॅम्पशर किंवा साउथ कॅरोलायनात जाऊन अध्यक्षपदाच्या प्रायमरीसाठी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) फील्ड ऑर्गनायझर होणार. पगार तुटपुंजा, उमेदवार हरला की नोकरीही गेली. राजकारणाचं मला वावडं नाही, मंडळाच्या गणेशोत्सवात इथल्या असेंब्ली सदस्यांचा सत्कार माझ्याच हस्ते झाला होता. पण स्वतःच्या मुलीने हे करावं? सांगलीला आजीला आणि इथे मंडळात आम्ही सांगितलंय की ती लॉ फर्ममध्ये इंटर्नशिप करत होती. तुम्ही असं उत्तर लिहा की ते वाचून ती हा नाद सोडेल. मी तिला वाचायला देईन. तुम्हाला लिहिलंय हे तिला माहीत नाही. – एक वडील

उत्तर : तसं उत्तर मी लिहिणार नाही. हे उत्तर तुमच्यासाठी आहे. तिला वाचायला द्यायचं असेल तर तुमच्या पत्रासकट द्या.

जीपीए, लॉ स्कूल, पगार याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी एकदा वाचलं. लॉ फर्मच्या इंटर्नशिपचं वाक्य मात्र मी परत परत वाचलं. आजीचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा मुलगी बहुतेक त्याच घरात असते. आजी विचारते, "काय करतेय आमची बाय?" आणि तुम्ही तिच्यादेखत खोटं सांगता. 3.7 जीपीए असलेली, उन्हाळ्याच्या उकाड्यात अनोळखी माणसांची दारं वाजवून त्यांच्याशी नीट बोलून आलेली मुलगी. तिने चोरी केली नाही, परीक्षेत कॉपी केली नाही, कुणाला फसवलं नाही. मग लपवावं असं तिने केलंय तरी काय? ज्या असेंब्ली सदस्यांना तुम्ही शाल-श्रीफळ दिलंत, ते निवडून आले ते अशाच कुणाकुणाच्या मुलामुलींनी दारं वाजवली म्हणून. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 साली मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले आणि 2022 साली अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून गेले, याचा आपल्या मंडळांना केवढा अभिमान वाटतो! मग उमेदवाराचा अभिमान आणि त्याच्यासाठी राबणाऱ्या पोरांची लाज, हे मला पटत नाही. आजीला खरं सांगा. सांगलीत निवडणूक काय असते हे तिने तुमच्यापेक्षा जास्त पाहिलंय, तिला धक्का बसणार नाही.

या मुद्द्यावर मी एवढा का अडलो, याचं कारण या नोकरीतच आहे. ही नोकरी एखाद्या मंगळवारी दुपारी चार वाजता फोनवरून संपते. उमेदवार माघार घेतो आणि राज्यभरातल्या कार्यालयांना एकाच वेळी कळतं की उद्यापासून काम नाही. कमला हॅरिस यांच्या मोहिमेने नोव्हेंबर 2019 मध्ये न्यू हॅम्पशरमधली माणसं कमी केली, सगळा जोर आयोवावर लावला आणि 3 डिसेंबरला मोहीमच थांबली. आयोवाचा कॉकस, म्हणजे प्रायमरीऐवजी होणारी पक्षाची सभा, तेव्हा दोन महिन्यांवर होता. अशा दिवशी बावीस वर्षांच्या मुलीने पहिला फोन घरी केला पाहिजे. पण आपण काय करतो हे आईवडील नातेवाइकांपासून लपवतात, हे जिला माहीत आहे, ती घरी फोन करणार नाही. "मी तुला तेव्हाच सांगत होतो" हे ऐकायला कोण फोन करतं? परक्या गावात एकटी बसून राहील. मला तिच्या करिअरपेक्षा याची काळजी वाटते, आणि हे तुमच्या हातात आहे.

आता कामाबद्दल, कारण तुमच्या पत्रावरून ते काय असतं याची तुम्हाला कल्पना दिसत नाही. प्रत्येक राज्यात मोहिमेचा एक स्टेट डायरेक्टर असतो. त्याच्या हाताखाली स्थानिक पुढारी आणि संघटनांशी बोलणारा पोलिटिकल डायरेक्टर, पत्रकारांकडे पाहणारे, डेटाचं टेबल, भाडी-पगार-गाड्या सांभाळणारं ऑपरेशन्स, आणि सगळ्यात मोठा जथा ऑर्गनायझिंगचा. प्रादेशिक प्रमुख आणि प्रत्येकाखाली काही फील्ड ऑर्गनायझर. तुमची मुलगी तिथून सुरुवात करेल. तिला काही गावं किंवा एखादी काउंटी नेमून दिली जाईल. दिवसा ती गावातल्या कॅफेत शाळेतल्या बाई, निवृत्त पोस्टमन, शेतकरी यांना एकेकटं भेटेल, त्यातले कोण स्वयंसेवक होतील हे हेरेल. संध्याकाळी पाच ते नऊ फोन आणि दारं. प्रत्येक संभाषणानंतर ॲपवर आकडा टाकायचा : 1 म्हणजे पक्का आपला, 3 म्हणजे कुंपणावरचा, 5 म्हणजे पक्का समोरचा. रात्री नऊनंतर दिवसाचे आकडे वरिष्ठांना कळवायचे, आणि तीनच्या खणातल्या माणसाला एक केव्हा करता येईल याचा विचार करत झोपायचं.

आयोवात हे काम सगळ्यात खोलवर जात असे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या 2020 पर्यंतच्या कॉकसमध्ये लोक हिवाळ्याच्या रात्री शाळेच्या जिममध्ये जमायचे आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांसमोर उभे राहायचे. बहुतेक ठिकाणी 15 टक्के माणसं नसलेला गट बाद. मग त्या गटातल्या शेजाऱ्याला हाताला धरून आपल्याकडे आणायचं. 1,600 हून जास्त ठिकाणी एकाच वेळी हे घडायचं आणि प्रत्येक ठिकाणी आपला एक खमका माणूस लागायचा. तो माणूस शोधणं, त्याला तयार करणं, त्या रात्री तो येईल याची खात्री करणं हे पोरसवदा ऑर्गनायझरचं काम. 2004 साली या कॉकसला सव्वा लाखाच्या आसपास माणसं आली होती. 3 जानेवारी 2008 ला दोन लाख चाळीस हजारांच्या घरात आली आणि बराक ओबामा जिंकले. कॉकसला कधी न गेलेल्या माणसांना महिनोन् महिने घरी जाऊन तयार केल्याशिवाय एवढी गर्दी होत नाही. 2024 साली डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या मतदानाचा मान साउथ कॅरोलायनाला दिला, रिपब्लिकनांनी आयोवा पहिलं ठेवलं. तुमची मुलगी कुठल्या पक्षाकडे जाणार हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. काम दोन्हीकडे कष्टाचं आहे.

तुमचा एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा. उमेदवार हरला की त्याच्यासाठी काम करणाऱ्याचं वर्ष वाया गेलं, असं तुम्ही धरून चाललात. प्रायमरीत कधी कधी एका पक्षाचे पंधरा-वीस उमेदवार उतरतात, जिंकतो एक. हरलेल्यांकडची माणसं वाया जात असती तर हा धंदा चाललाच नसता. जेन ओमॅली डिलन 2008 साली आयोवात जॉन एडवर्ड्स यांच्या स्टेट डायरेक्टर होत्या. एडवर्ड्स दुसरे आले आणि जानेवारी संपायच्या आत बाहेर पडले. त्याच वर्षी ओबामांच्या मोहिमेने त्यांना घेतलं. पुढे 2019 मध्ये त्या बेटो ओरुर्क यांची मोहीम चालवत होत्या, ती 1 नोव्हेंबरला बंद पडली. मार्च 2020 मध्ये बायडन यांनी त्यांना आपल्या मोहिमेचं प्रमुख केलं आणि ती निवडणूक बायडन जिंकले. रॉबी मूक 2008 मध्ये नेवाडात हिलरी क्लिंटन यांच्याकडे स्टेट डायरेक्टर होते. क्लिंटन तेव्हा उमेदवारी हरल्या, आणि 2016 साली त्यांनीच मूकना पूर्ण देशाची मोहीम दिली. या क्षेत्रात लोक विचारतात ते वेगळंच : तुझ्या वाट्याच्या गावांत किती स्वयंसेवक उभे केलेस, तू दिलेले आकडे मतदानाच्या दिवशी खरे ठरले का, आणि तुझ्या वरिष्ठाला तू पुन्हा हवी आहेस का? पुढची नोकरी त्या वरिष्ठाच्या एका फोनवर मिळते. "ओळख लागते" असं म्हणतात ते खरं आहे, पण ती ओळख मंडळात मिळत नाही, आधीच्या मोहिमेत कमवावी लागते.

पैशाच्या बाबतीत तुमची काळजी रास्त आहे, तिथे मी तुमच्या बाजूने. 2019 मध्ये बर्नी सँडर्स यांच्या मोहिमेतल्या कर्मचाऱ्यांनी युनियन केली. अध्यक्षपदाच्या मोठ्या मोहिमेत असं पहिल्यांदाच घडलं. फील्ड ऑर्गनायझरांचा पगार वर्षाला 36,000 डॉलर ठरला. पण आठवड्याला साठ तास राबल्यावर तासाचा दर 15 डॉलरच्याही खाली जातो, अशी तक्रार कर्मचाऱ्यांनीच केली, आणि ती तासाला किमान 15 डॉलर मिळावेत म्हणून लढणाऱ्या उमेदवाराच्या मोहिमेत. दुसरं उदाहरण मायकेल ब्लूमबर्ग यांचं. 2020 साली त्यांनी 2,000 हून जास्त माणसं चांगल्या पगारावर घेतली आणि नोव्हेंबरपर्यंत काम राहील असं सांगितलं. 3 मार्चच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होतं त्या दिवशी, यश फक्त अमेरिकन समोआत मिळालं, दुसऱ्या दिवशी उमेदवार बाहेर, आणि त्याच महिन्यात माणसं कमी झाली. प्रकरण कोर्टात गेलं. म्हणून तोंडी शब्दावर जाऊ नये. पगार, आरोग्य विमा, गाडीच्या मैलांचे पैसे, मोहीम थांबली तर शेवटचा पगार कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं ऑफर लेटरमध्ये हवं. समर्थकांच्या घरी राहायची सोय करतात, तिथे खोलीला कडी आहे का आणि पटलं नाही तर दुसरं घर मिळेल का, हे तिने आधी विचारावं. अंधार पडल्यावर अनोळखी वस्तीत एकटीने दारं वाजवायला लावतात का, हेही. चांगला वरिष्ठ या प्रश्नांनी नाराज होत नाही. नाराज झाला तर तिथे जाऊच नये.

लॉ स्कूलचं एका ओळीत सांगतो : एलसॅटचा, म्हणजे तिथल्या प्रवेश परीक्षेचा, गुण पाच वर्षं चालतो, तिने या वर्षी परीक्षा देऊन ठेवावी, आणि दोन वर्षं काम करून आलेल्या मुलांना लॉ स्कूल नाकं मुरडत नाहीत.

तरीही तिने पदवीनंतर थेट आयोवाची गाडी पकडावी असं मी म्हणणार नाही. एका उन्हाळ्यात, घरी परत येऊन आईच्या हातचं जेवून केलेलं काम आणि घरापासून हजार मैलांवर सात-आठ महिने केलेलं काम यात फार फरक आहे. या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या 435 जागांची निवडणूक आहे. न्यू जर्सीतल्या किंवा शेजारच्या पेनसिल्वेनियातल्या एखाद्या चुरशीच्या जागेवर तिने ऑगस्टपासून काम मागावं, आणि या वेळी दारांपुरतं नाही. अर्थशास्त्राची आहे, तर डेटाच्या टेबलावर बसायला मिळतं का ते बघावं. कुठल्या भागात किती दारं, कुठला आकडा फुगवलेला, स्वयंसेवकांची गळती कुठे, हे ज्याला वाचता येतं त्याला राज्याच्या कार्यालयात मागणी असते, आणि मोहीम संपल्यावर हे कौशल्य निवडणुकीबाहेरही विकतं. नोव्हेंबरपर्यंत तिला स्वतःलाच कळेल. तेव्हाही जायचं म्हणाली तर तिला अडवू नका. अडवलंत तरी ती जाईल, फक्त तुमच्याशी न बोलता जाईल.

हे वाचणाऱ्या, पुण्या-नाशिकहून एमएसला आलेल्या मुलांसाठी एक इशारा. तुमच्याकडे ग्रीन कार्ड नसेल तर मोहिमेला देणगी देता येत नाही आणि पैसा कुठे कसा खर्च करायचा अशा निर्णयांत भाग घेता येत नाही. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम चालतं. पगार घेण्याआधी व्हिसाच्या वकिलाला विचारा. उत्साहाच्या भरात स्टेटस घालवू नका.

आता तुम्ही काय करायचं ते. ती 26 वर्षांची होईपर्यंत तुमच्या विम्यावर राहू शकते, तिला काढू नका. तुमचा विमा दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरांकडे चालतो का, एवढं आजच फोन करून विचारा. घरातली जुनी गाडी तिला द्यायची असेल तर बर्फाचे टायर घालून द्या. या कामात गाडी नसेल तर माणूस निम्मा होतो. दोन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम तिच्या नावाने बाजूला ठेवा आणि ती आहे हे तिला सांगा. "जायचं तर जा, मग लोन तुझं तू फेड" असली अट घालायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

आणि माझ्याशी बोलायचं असेल तर तिने स्वतः लिहावं. ते उत्तर मी तिलाच पाठवीन.