नाटकात औरंगजेब करतोय. आवाज भारदस्त कसा करू? उर्दू किती शिकावं लागेल?

आवाज भारदस्त करू नका. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण औरंगजेब हा माझा जुना दुखरा विषय आहे, त्यामुळे जरा लांबेल.

संभाजी महाराजांना पकडून समोर आणतात तो प्रवेश आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे फेब्रुवारी १६८९, मुक्काम बहादूरगड, भीमेकाठचं पेडगाव. औरंगजेबाचा जन्म १६१८ चा, म्हणजे तुम्ही सत्तरीचा माणूस करताय. १६८६ मध्ये विजापूर घेतलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा. असा माणूस कशाला ओरडेल? ओरडायला चोपदार आहेत. तो पुटपुटला तरी शंभर जण कान टवकारतात. आवाज त्या शंभर जणांच्या वागण्यातून मोठा होतो, तुमच्या घशातून नाही. तेव्हा आधी दरबारातल्या मुक्या पात्रांची तालीम घ्यायला लावा.

आता आमच्या नाटकाचं. राज्य नाट्य स्पर्धेला आम्ही हाच प्रवेश केला होता. दिग्दर्शक अनुभवी, नावाजलेले. त्यांना औरंगजेब कसा हवा होता? लंगडत एन्ट्री, मांडीवर थाप आणि सभागृह दणाणेल असं हास्य. मी म्हटलं, लंगडणं १७०० नंतरचं आहे. खवासपूरला माण नदीला रात्री पूर आला, छावणीत पळापळ झाली, त्यात बादशहा पडला आणि उजवा गुडघा निखळला. तेव्हापासून तो लंगडू लागला. अकरा वर्षं आधीच कसा लंगडेल? ते म्हणाले, "प्रेक्षक सनावळ्या मोजायला येत नाहीत." हे वाक्य मी हौशी रंगभूमीवर इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की डोकं फिरतं. प्रेक्षक मोजत नसेल हो, नटाने तरी मोजायला नको का? सत्तरीतला धडधाकट म्हातारा आणि ऐंशी ओलांडलेला लंगडा म्हातारा यांचं बसणं-उठणंच वेगळं असतं.

खरं भांडण पुढेच झालं. राजे समोर आल्यावर औरंगजेब सिंहासनावरून उतरला आणि गालिच्यावर गुडघे टेकून त्याने देवाचे आभार मानले, असं मोगलांच्या बाजूच्या लिखाणातच आलंय. यापेक्षा मोठी कृती कुठला नाटककार लिहून देणार? शत्रू साखळदंडात उभा आणि हिंदुस्थानचा बादशहा त्याच्या पायांच्या उंचीला वाकलेला! दिग्दर्शकांनी ती कापली. म्हणे, खलनायक छोटा होतो.

मी स्पर्धेच्या प्रयोगात ती केली. कुणालाही न सांगता, मुद्दाम. सिंहासनाच्या हातावर तळवा टेकला, एक पाय खाली, मग दुसरा, मग गुडघे. प्रकाशयोजना करणाऱ्याने स्पॉट सिंहासनावर ठेवला होता, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. त्यामुळे उजेडात रिकामं सिंहासन आणि अर्ध्या अंधारात मी. प्रेक्षागृहात चिटपाखरू नाही, साखळ्या तेवढ्या वाजत होत्या. प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक म्हणाले, "माझं सिंहासन उघडं पाडलंस." आजही भेटले की नमस्कार होतो, नाटकाचा विषय निघत नाही. बक्षीस मिळालं नाही, आणि त्याचं खापर आजही माझ्या डोक्यावर फुटतं. फुटू दे. त्या प्रयोगात खरं तेवढंच होतं.

तुम्ही हे करणार असाल तर ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडून, जामा, म्हणजे घेरदार लांब अंगरखा, तालमीलाच मागवा. लेंग्यावर तालीम करून काही कळत नाही. उतरताना घेर पायात येतो, तो डाव्या हाताने आधीच धरावा लागतो, आणि ते म्हाताऱ्याची सवय वाटलं पाहिजे. कपाळ जमिनीला टेकलं की क्रेपची दाढी हनुवटीखाली सुटते, तिथे गम जास्त लावायला सांगा.

उर्दूचं म्हणाल तर त्याच्या दरबाराचा कारभार फारसीत चालायचा, त्यामुळे रंगमंचावरचं उर्दू-मिश्रित मराठी हा तसाही आपला संकेतच आहे. ख, ग, ज, फ हे घशातले आणि दातांतले उच्चार एखाद्या जाणकाराकडून घटवून घ्या, बास. प्रत्येक वाक्याला 'हम' लावून ठसका आणू नका, त्याने कव्वाल होतो, बादशहा नाही. वाचायला सेतुमाधवराव पगडींनी मराठीत आणलेली फारसी साधनं घ्या. त्याची अखेरची हताश पत्रं मात्र या प्रवेशापुरती बाजूला ठेवा. ती १७०७ च्या म्हाताऱ्याची आहेत, १६८९ चा माणूस जिंकलेला आहे. खुलदाबादला कबर बघून येतो असं काही नट सांगतात, जरूर जा, भूमिका तिथे मिळत नाही.

आणि हो, दिग्दर्शकाला न विचारता प्रयोगात बदल करा असं मी सांगत नाहीये. तुमचे दिग्दर्शक ऐकणारे असतील तर आधी बोला. निदान लाइटवाल्याला तरी सांगून ठेवा.