मंडळाच्या क्रूझला आईला पाठवताय? इन्शुरन्सचा फॉर्म आधी हातात घ्या

ताई, तुमच्या पोस्टमधली एक ओळ वाचली अन् लिहायला बसलो. आई आणि मावशी भजनी मंडळासोबत सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझला चालल्या, जहाजावर रोज कीर्तन आणि पोथी आहे, बहुतेक मंडळी साठीच्या पुढची, आणि आयोजक म्हणून राहिले की "इन्शुरन्सचं टेन्शन घेऊ नका, सगळ्यांचा एकत्रच काढतो, फक्त पासपोर्टची झेरॉक्स द्या अन् इथे सही करा." हेच वाक्य आमच्या आत्याच्या मंडळाला ऐकवलं होतं, आणि नंतर आम्हाला काय काय भोगावं लागलं ते आठवलं की अजून डोकं गरम होतं. पासपोर्ट सहा महिने व्हॅलिड पाहिजे, सिंगापूरचा व्हिसा लागतो, हे सगळं वर बाकीच्यांनी सांगितलंच आहे, मी त्यात जात नाही.

आधीच सांगतो, मी एजंट नाही, वकील नाही, इन्शुरन्सवाला तर नाहीच. नियम बदलत असतात, तुमच्या पॉलिसीचा कागद वेगळा असू शकतो. पण मी आत्यासोबत गेलो होतो आणि तिचा क्लेम मीच लढवला, त्यामुळे जे बघितलं ते सांगतो.

झालं असं की पेनांगच्या आदल्या रात्री आत्या पहाटे उठून बाथरूमला गेली. जहाजाच्या केबिनमधल्या बाथरूमला बऱ्याचदा उंच उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. अंधारात पाय अडकला अन् पडली. (आईला पहिल्याच दिवशी तो उंबरठा दाखवून ठेवायला सांगा, आणि बाथरूमचा लाइट रात्रभर चालू.) जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर चांगला होता, एक्सरे तिथेच निघाला, खुब्याचं हाड मोडलेलं. पण तो दवाखाना तिकिटात धरलेला नसतो हे आमच्या मंडळात कोणालाच माहीत नव्हतं. तपासणी, एक्सरे, इंजेक्शन, सगळं केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरताना भरावं लागतं. डॉक्टरनं सांगितलं की ऑपरेशन जमिनीवरच होईल, इथेच उतरवावं लागेल. जहाज पेनांगला लागलं, आत्याला अँब्युलन्समध्ये घातलं, मी सोबत उतरलो, आणि संध्याकाळी बाकीचं मंडळ घेऊन जहाज फुकेतकडे निघून गेलं. जहाज कोणासाठी थांबत नाही.

हॉस्पिटलनं ऑपरेशनच्या आधी डिपॉझिट मागितलं. मी पॉलिसीवरच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी केस पेपर मागवला. त्या केस पेपरवर डॉक्टरनं साहजिकच लिहिलं होतं की पेशंटला बरीच वर्षं बीपी आणि शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. आत्यानंच सांगितलं होतं, ऑपरेशनच्या आधी लपवणार थोडीच. आणि थोड्या वेळानं उत्तर आलं, प्रपोजल फॉर्ममध्ये (पॉलिसी काढताना भरतात तो) कोणताही आजार नाही असं लिहिलं आहे, त्यामुळे कॅशलेस, म्हणजे हॉस्पिटलला परस्पर पैसे, देता येणार नाही, परत आल्यावर क्लेम टाका, बघू.

इथे आलं ते नागपूरचं बुकिंग ऑफिस. बुकिंग ज्यांच्याकडे होतं त्यांनीच इन्शुरन्स काढला होता, आणि फॉर्म भरताना सगळ्या मंडळासाठी "बीपी आहे का, शुगर आहे का, हार्टचं काही, आधी ऑपरेशन झालं का" या प्रश्नांना सरसकट नाही, नाही, नाही, नाही. आत्यानं सही केली तेव्हा तो भाग कोरा होता. कारण काय, तर हो लिहिलं की प्रीमियम वाढतो, कधी मेडिकल रिपोर्ट मागतात, एखाद्याची पॉलिसी अडकते, मग ग्रुपचं पॅकेज महाग दिसतं अन् लोकं दुसरीकडे जातात. म्हणजे पॅकेजचा आकडा कमी दिसावा म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात रिकामी पॉलिसी बांधायची. परत आल्यावर मी त्या ऑफिसात गेलो तर "सही तुमच्याच आत्याची आहे, आम्ही काय करणार". फॉर्मची कॉपी मागितली तर उद्या या, साहेब बाहेर आहेत, फाइल दुसऱ्या ब्रँचला आहे. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात मी त्या ऑफिसचे जिने चढत होतो आणि घरी आत्या वॉकर धरून चालायला शिकून राहिली होती. एका माणसानंही बसा म्हटलं नाही. ज्यांनी बुकिंगच्या दिवशी पेढे वाटले होते तेच.

हाड मोडण्याचा अन् शुगरचा काय संबंध, हे मी शंभरदा विचारलं. पण माहिती लपवली म्हटलं की कंपनी पूर्ण क्लेमच नाकारते, आजाराचा संबंध असो नसो. हेच तुम्हाला सांगायचं आहे. बिल साडेचार लाखांच्या घरात होतं, जहाजाचा दवाखाना अन् आमची परतीची नवी तिकिटं वेगळी.

म्हणून ताई, आईचा आणि मावशीचा फॉर्म तुम्ही स्वतः भरा. आयोजकांना वाईट वाटलं तर वाटू द्या. एकत्र पॉलिसी असली तरी प्रत्येकाचं सर्टिफिकेट अन् प्रत्येकाचं डिक्लेरेशन (आजारांची माहिती लिहून सही करायचा भाग) वेगळं असतं, ते मागा. बीपी, शुगर, थायरॉईड, मोतीबिंदू, गुडघ्याचं ऑपरेशन, जे आहे ते सगळं लिहा, गोळ्यांच्या नावासकट, आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढल्याशिवाय सही करू नका. ऑनलाइन भरून घेत असतील तर स्क्रीनशॉट. कंपनीकडून मेल आला पाहिजे, व्हॉट्सॲपवरचं "झालं काका" चालणार नाही. आयोजक तयारच नसतील तर माझं स्पष्ट मत आहे की वेगळी पॉलिसी काढा, थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

पॉलिसी हातात आली की बघायचं काय, तर पहिलं म्हणजे आधीपासूनच्या आजाराचं कलम. बहुतेक ठिकाणी आधीच्या आजाराचा खर्च देत नाहीत किंवा फक्त जीवावर बेतलं तर देतात, ते किती देतात ते वाचा. दुसरं सब-लिमिट. वर पन्नास हजार डॉलर लिहिलेलं असतं, पण साठीच्या पुढच्या माणसाला रूमला एवढेच, ऑपरेशनला एवढेच असं आत बारीक अक्षरात असतं. क्रूझचं कव्हर आहे का, की ते वेगळं घ्यावं लागतं. जहाजावरून किंवा दुसऱ्या देशातून उचलून आणायचा खर्च आहे का. आणि देशांच्या यादीत सिंगापूरसोबत मलेशिया अन् थायलंड आहेत का, कारण कोणी कोणी फक्त सिंगापूर टाकून मोकळे होतात. आपली इथली मेडिक्लेम बाहेर सहसा चालत नाही, त्या भरवशावर राहू नका.

कागदांचं पण सांगतो, कारण आमचा बराच वेळ यात गेला. जहाजाच्या डॉक्टरचा रिपोर्ट उतरायच्या आधी सही-शिक्क्यानिशी घ्या, नंतर मेलवर मागवणं फार जिवावर येतं. बिल आयटमवार पाहिजे, नुसता एकूण आकडा चालत नाही, आणि पैसे भरल्याची पावती वेगळी. आम्हाला क्लेमवाल्यांनी सारखं विचारलं, पासपोर्टवर सिंगापूरचा शिक्का कुठे आहे. आता सिंगापूर बाहेरच्या लोकांच्या पासपोर्टवर शिक्का मारतच नाही, ई-पास, म्हणजे राहायची परवानगी, मेलवर येतो! तो मेल जपून ठेवा. आत्याच्या अर्जात मेल आयडी त्या ऑफिसचाच टाकला होता, त्यामुळे तो मेलही त्यांच्याकडेच, आणि द्यायला तयार नाहीत. सगळ्या फॉर्ममध्ये तुमचा किंवा आईचा स्वतःचा मेल अन् मोबाइल टाका, हे लिहूनच घ्या.

मग आम्ही काय केलं. फॉर्मची कॉपी थेट इन्शुरन्स कंपनीला लेखी मागितली, तिथून मिळाली. मंडळातल्या अजून काही जणांनी आपापल्या कॉप्या मागवल्या आणि सगळ्या फॉर्मवर अक्षर एकाच माणसाचं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार, त्यांचं उत्तर आलं नाकारल्याचं, मग विमा लोकपाल, म्हणजे इन्शुरन्स कंपनीविरुद्धची तक्रार ऐकणारं ऑफिस. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आपल्या नागपूरला पुण्याचं लोकपाल ऑफिस लागतं. कंपनीनं नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि कंपनीनं ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही तरीही जाता येतं. शेवटी तडजोडीत काही रक्कम मिळाली, सगळी नाही. त्या बुकिंग ऑफिसनं एक रुपया दिला नाही.

अजून एक गोष्ट, ग्रुपमध्ये कोणाला उतरवावं लागलं तर सोबत कोण उतरणार हे निघायच्या आधी ठरवा, प्रत्येक म्हाताऱ्या माणसामागे एक नाव. आशियातल्या बऱ्याच क्रूझवर चढताना पासपोर्ट जहाजवाले जमा करून घेतात, त्यामुळे पेशंटचा आणि सोबत्याचा, दोन्ही पासपोर्ट परत घेऊन उतरायचं, घाईत विसरतात. सोबत्याकडे परदेशात चालणारं कार्ड पाहिजे आणि त्याचा इंटरनॅशनल वापर बँकेच्या ॲपमधून चालू केलेला पाहिजे. परतीच्या विमानाला फिट-टू-फ्लाय सर्टिफिकेट (पेशंट विमानात बसू शकतो असं डॉक्टरचं पत्र) आणि एअरलाइनचा मेडिकल फॉर्म लागतो, हॉस्पिटलमधून निघतानाच भरून घ्या.

आता पूजेच्या सामानाचं, हे कोणी सांगत नाही म्हणून. कापूर, काडेपेटी विमानात चालत नाही, सुकं खोबरं पण नाही. जहाजावर उघडी ज्योत बंद असते, निरांजन, उदबत्ती काहीच नाही, म्हणून बॅटरीवरचे दिवे न्या, आरती त्यावरच करा, देवाला चालतं. खसखस सिंगापूरला बंदी असलेल्या वस्तूंत आहे, म्हणजे अनारसे, खसखस लावलेला लाडू, वाटणाचा घरचा मसाला, सगळं घरी ठेवा, प्रसादाच्या डब्यातून निघालं तर ऐकून घेत नाहीत. आणि मंडळातल्या काकांना हात जोडून सांगा की खर्रा, तंबाखूची पुडी खिशात ठेवू नका, चघळायच्या तंबाखूवरही तिथे बंदी आहे. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध असेल तर सिंगापूरच्या हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीच्या वेबसाइटवर बघा, काहींना आधी परवानगी लागते. बाकी औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हँडबॅगमध्येच, कारण मोठी बॅग टर्मिनलवर देऊन टाकावी लागते आणि केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येते. किटली, इस्त्री जहाजावर काढून घेतात.

जेवण कांदा-लसूण नको असेल, एकादशी मध्ये येत असेल, तर बुकिंगच्याच वेळी लेखी कळवा. कीर्तनाला हॉल मिळतो तो फार थंड असतो, आईला शाल द्या, आणि खाली बसायची सवय असली तरी गुडघ्यांसाठी खुर्ची सांगून ठेवा. फोन चढल्याबरोबर एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रातलं नेटवर्क पकडून बिल येतं.

पैशाचं एक राहिलं. परदेशाच्या पॅकेजवर टीसीएस (पॅकेजच्या पैशांसोबतच घेतात तो इन्कम टॅक्स) कापतात, तो आईच्या पॅनवर जमा झाला की नाही ते २६एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या तक्त्यात, बघा, रिटर्न भरून परत मिळतो. कुठे कुठे पूर्ण ग्रुपचे पैसे खजिनदाराच्या खात्यातून जातात अन् टीसीएस त्याच्या एकट्याच्या पॅनवर दिसतो, मग बाकीच्यांचे पैसे अडकतात. शक्यतो आईच्या खात्यातून सरळ भरा.

आणि नागपूरहून सिंगापूरला सरळ विमान नाही, कुठूनतरी बदलूनच जावं लागतं. आयोजक मुंबईपर्यंत ट्रेननं नेत असतील तर एक दिवस आधी पोचा, गाडी लेट झाली तर जहाज गेलंच समजा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या तीन दिवस आत ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं, पैसे मागणारी वेबसाइट खरी नाही. मलेशिया अन् थायलंडचंही ऑनलाइन कार्ड असतं, तेही फुकटच.

आईला जाऊ देऊ नका असं मी म्हणत नाही. आत्या तर अजून सांगते की समुद्रात सकाळी सगळ्यांनी मिळून अभंग म्हटले तसं समाधान तिला कुठे मिळालं नाही. पण या आठवड्यात आयोजकांकडून आईच्या अन् मावशीच्या फॉर्मची कॉपी मागून घ्या. द्यायला टाळाटाळ केली तर तेही इथे लिहा, आणि मिळाली तर नाव, पासपोर्ट नंबर झाकून आजाराच्या प्रश्नांचं पान टाका, मी रात्री बघून कुठे काय लिहायचं ते सांगतो.