तिकडे कुणी डोक्यात गेलं तर

परवा जिन्यात तू विचारलंस, "ताई, कामापुरतं इंग्रजी येतं गं मला, पण लीड्सला कुणी डोक्यात गेलं तर काय बोलायचं?" माझ्या हातात दादरच्या मंडईतल्या पिशव्या होत्या, म्हणून "फेड अप म्हणायचं" एवढंच सांगून मी वर आले. ते उत्तर अपुरं होतं. मला इंग्लंडला परत जायला अजून चार दिवस आहेत, तेव्हा नीट लिहिते. बॅगेत काय भरायचं ते तुला दहा जण सांगतील. हे कुणी सांगत नाही, आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला.

माझा तिकडचा पहिला हिवाळा. भाड्याच्या घरातला, घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. एजन्सीला रोज फोन करायचा आणि रोज एकच ऐकायचं, "वी विल लुक इनटू इट." अकराव्या दिवशी दोन स्वेटरांवर आईची शाल गुंडाळून फोन केला, पुन्हा तेच वाक्य आलं, आणि मी ओरडले, "प्लीज डोन्ट ईट माय हेड!" मनात मराठीच होतं, डोकं खाऊ नका. पलीकडे एकदम शांतता. मग ती मुलगी थंडपणे म्हणाली की याच आवाजात बोलणार असाल तर मला फोन ठेवावा लागेल. आणि ठेवला. बॉयलर त्यांनी दुरुस्त केला नव्हता, पण उद्धट मी ठरले.

आपल्याकडे लोकलमध्ये दोन बाया दादर ते कुर्ला कडाकडा भांडतात आणि घाटकोपरला एकमेकींना सीट देतात. आवाज चढला म्हणजे नातं तुटलं असं आपण मानत नाही. तिकडे मानतात. दवाखान्यात, स्टेशनवर पाट्याच असतात की कर्मचाऱ्यांशी अरेरावी खपवून घेतली जाणार नाही. म्हणून राग शब्दांत भरावा लागतो, आवाज खालीच ठेवून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला दोन वाक्यं लिहून दिली. पहिलं, "आय ॲम ॲट द एंड ऑफ माय टेदर." टेदर म्हणजे दावं. खुंटाला बांधलेली गाय गोल फिरून आसपासचं सगळं गवत खाते, पुढचं हवं म्हणून मान ताणते, आणि दावं ताठ होतं. तसं आपलं सोसणं संपलं. आजोळच्या गोठ्यामागे मी हे शंभरदा पाहिलंय, त्यामुळे ते वाक्य मला कधी पाठ करावं लागलं नाही. अमेरिकेत याच जागी रोप म्हणतात. दुसरं वाक्य, "आय वुड लाइक टू मेक अ फॉर्मल कंप्लेंट." हे जपून ठेव. 'फॉर्मल कंप्लेंट' म्हटलं की तो नुसता वैताग राहत नाही, त्याची रीतसर नोंद होते. इंग्लंडमध्ये घरं भाड्यानं देणाऱ्या एजंटांना २०१४पासून एखाद्या तक्रार-निवारण योजनेचं सदस्य असावंच लागतं, तेव्हा ते हे शब्द हलक्यात घेत नाहीत. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी माणूस आला.

आता रोजचे शब्द. 'फेड अप' म्हणजे आपला वीटच. तीच भाजी रोज खाऊन वीट येतो ना, तसं खाऊन खाऊन नको झालेलं. पुढे 'विथ' लाव. हल्ली बरेच जण 'ऑफ' (of) म्हणतात, पण लिहिताना 'विथ'च बरं. 'डोक्यात जातं' याला लीड्सकडे अगदी जुळा भाऊ आहे, "इट्स डुइंग माय हेड इन." प्रिंटर अडला, बस चुकली, सगळ्याला चालतं. मला हा फार आवडतो, कारण तो ऐकला की घरच्यासारखं वाटतं. 'गेट्स ऑन माय नर्व्हज', म्हणजे वैताग आणतो, हे माणसाबद्दल म्हणतात, त्याच्या तोंडावर नव्हे. एकामागून एक त्रास सोसून शेवटच्या क्षुल्लक गोष्टीनं कडेलोट झाला की 'द लास्ट स्ट्रॉ', उंटाची पाठ मोडणारी शेवटची काडी. 'गेट्स माय गोट', म्हणजे चीड आणतं, हा मूळचा अमेरिकन. शर्यतीच्या घोड्याजवळची बकरी पळवायचे म्हणून तो आला असं सांगतात, पण त्याला पुरावा नाही.

एका शब्दाला मात्र जप. अमेरिकन मालिकांत 'आय ॲम पिस्ड' म्हणजे मी चिडलेय. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ मी दारू प्यायलेय. पुढे 'ऑफ' (off) जोडलं तर राग होतो, पण शब्द ओबडधोबड आहे, ऑफिसात नको. आणि 'टेन्शन', 'बोअर' आपण जसे वापरतो तसे तिथे पोचत नाहीत. "आय ॲम गेटिंग बोअर" नको, "आय ॲम बोअर्ड" म्हण.

बोलण्यापेक्षा ऐकणं जास्त अवघड आहे, आणि याबद्दल मला तुझी खरंच काळजी वाटते. माझे मॅनेजर एकदा म्हणाले, "आय वॉज अ बिट डिसअपॉइंटेड विथ द रिपोर्ट." मला वाटलं, थोडंसंच ना. पुढचा रिपोर्ट तसाच दिला. महिनाअखेरच्या बैठकीत कळलं की ती चांगली कडक समज होती. 'अ बिट' आलं की कान टवकार. 'नॉट आयडियल' म्हणजे बहुतेक वेळा फारच वाईट. 'विथ रिस्पेक्ट'नंतर विरोध येतो, आणि 'आय ॲम नॉट बीइंग फनी, बट' असं कुणी म्हणालं तर पुढे तक्रार येणार हे धरून चाल.

हीच 'अ बिट' तूही वापर, आणि लवकर वापर. तिसऱ्या दिवशीच "आय ॲम अ बिट कन्सर्न्ड अबाउट द डिले" लिहिलं असतं, तर अकराव्या दिवशी ओरडायची वेळ माझ्यावर आली नसती. गोड बोलून गप्प राहायचं आणि मग एकदम फुटायचं, आपल्या मुलींचं तिकडे नेमकं हेच होतं.

शनिवारी संध्याकाळी वर ये. आई थालीपीठ लावणार आहे. तू एजन्सीला फोन करतेयस असं समज, पलीकडून मी बोलते. आवाज न चढवता दोन्ही वाक्यं म्हणेपर्यंत मी तुला पानावर बसू देणार नाही.