शिष्यवृत्ती रखडली म्हणून टीसी अडवता येतो का?

प्रश्न : मी अनुसूचित जातीची विद्यार्थिनी आहे. बीएस्सी झालं, दुसऱ्या विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळाला. पण कॉलेज म्हणतं, तिसऱ्या वर्षाची पूर्ण फी भरा, मगच टीसी आणि बारावीची मूळ गुणपत्रिका मिळेल. शिष्यवृत्तीचा एक हप्ता आला होता, तो वडिलांच्या ऑपरेशनला खर्च झाला. दुसरा अजून आलेला नाही. 'शिष्यवृत्ती न आल्यास फी भरेन' असं हमीपत्र कॉलेजने प्रवेशाच्या वेळीच लिहून घेतलं आहे. मूळ कागदपत्रं जमा करायची मुदत संपत आली आहे. काय करू?

उत्तर : तुमची फीची थकबाकी आणि तुमची कागदपत्रं यांची कॉलेजने गाठ मारली आहे. ती आधी सोडवू.

मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत करावीत, ताब्यात ठेवू नयेत, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ऑक्टोबर २०१८ मध्येच उच्च शिक्षणसंस्थांना बजावलं आहे. येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम १७१ ने बँका, विमा दलाल अशा मोजक्यांनाच दिला आहे. त्यात कॉलेज नाही. शैक्षणिक प्रमाणपत्र ही बाजारात विकायची वस्तू नव्हे, तिच्यावर असा हक्क चालत नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानेही म्हटलं आहे. हमीपत्राने फार तर थकबाकी सिद्ध होईल. ती वसूल करायला दिवाणी न्यायालय आहे, मुलीचं वर्ष वाया घालवायची गरज नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र तुमची बाजू पूर्ण भक्कम नाही, हे स्पष्ट सांगते. या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या) शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के वाटा असतो, आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते. त्यातली फीची रक्कम कॉलेजला द्यावीच लागते. ऑपरेशनचं कारण कितीही खरं असलं तरी ते देणं माफ होत नाही. पण शिष्यवृत्तीत निर्वाह भत्ताही असतो आणि तो सर्वस्वी तुमचा. पासबुक आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा तपशील शेजारी ठेवून फी किती, भत्ता किती, हे आधी वेगळं काढा. कॉलेजने सरसकट आकडा सांगितला असेल, तर तुमचं खरं देणं त्यापेक्षा कमी निघू शकतं.

मग प्राचार्यांना पत्र द्या. मजकूर साधा ठेवा : 'मिळालेल्या हप्त्यातील फीची रक्कम मी दरमहा अमुक रुपये याप्रमाणे भरेन. उरलेली शिष्यवृत्ती शासनाकडून येणे आहे, ती जमा होताच त्यातील फी भरेन. माझा टीसी व मूळ गुणपत्रिका तीन दिवसांत द्यावी.' झेपेल तेवढाच हप्ता लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. पत्र घेतलं नाही तर स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. तोंडी विनंत्या आता पुरे.

त्याच दिवशी महाडीबीटीवर अर्ज कुठे अडला आहे ते बघून स्क्रीनशॉट काढा. कित्येकदा तो कॉलेजच्याच लॉगिनमध्ये पडून असतो! तसं असेल तर ज्या उशिराला कॉलेज स्वतः जबाबदार आहे, त्याची शिक्षा ते तुम्हाला देत आहे. हे पत्रात ठळक लिहा. अर्ज पुढे गेलेला असेल तर बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे तपासा आणि समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. तिथे दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

कॉलेज बधलं नाही, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करा. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांत शिष्यवृत्तीला होणारा उशीर हाही तक्रारीचा विषय आहे. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं.

तुमची मुदत मात्र तेवढं थांबणार नाही. म्हणून नव्या विद्यापीठाला आजच अर्ज करून, शिक्का मारलेल्या पत्राची प्रत जोडून, तात्पुरत्या प्रवेशाची आणि मुदतवाढीची मागणी करा. शिवाय जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला म्हणून आणि अनुसूचित जातीच्या म्हणूनही तुम्हाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. साध्या वकिली नोटिशीनेच पुष्कळदा कागद हातात पडतात. नाही पडले, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करून अंतरिम आदेश मागता येईल. त्यासाठी लागणारी मदतही हेच प्राधिकरण मिळवून देईल.