बदकाच्या पिल्लांना रात्री दिवा: किती, कुठे आणि कधीपर्यंत

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची पिल्लं आणलीत, ती आता साडेतीन आठवड्यांची झाली. आजवर रात्रभर शंभरचा पिवळा बल्ब होता. परवा तो बंद केलात तर पिल्लांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं. शेजारचे म्हणतात, मुंगूस येऊ नये म्हणून दिवा हवाच. पिल्लं देणारा म्हणतो, रात्रभर दिवा ठेवलात तर माद्या अवेळी अंड्यावर येतील. आता कोणाचं ऐकायचं?

शंभरचा बल्ब काढाच, पण एकदम काळोख करू नका. त्या जागी एलईडीचा झिरोचा बल्ब लावा. पोटावर, छातीवर आणि पाठीवर पक्की पिसं भरेपर्यंत, म्हणजे साधारण सात-आठ आठवड्यांपर्यंत, तो राहू द्या. मग तोही काढायचा, कसा ते पुढे सांगतो.

तुमच्या बल्बाकडून आजवर तीन कामं होत होती: ऊब, उजेड आणि (शेजाऱ्यांच्या मते) राखण. ऊब आधी बघू. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३२ अंशांच्या आसपास तापमान लागतं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. साडेतीन आठवड्यांच्या पिल्लाला किनारपट्टीवरची रात्र बहुतेक महिन्यांत तशीच सोसते, फक्त अंग कोरडं आणि खाली तुसाची गादी कोरडी हवी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा पडतो तेव्हा थोडी ऊब ठेवा, एका कोपऱ्यात, म्हणजे ज्याला नको ते लांब जाऊन बसेल. बाकी थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बाखाली एकमेकांवर चढून ढीग केला असेल तर थंडी वाजते आहे. भिंतीला चिकटून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतं आहे.

परवाचं ओरडणं थंडीचं होतं की घाबरल्याचं, हेही असंच ओळखता येतं. गारठलेलं पिल्लू ढिगात घुसतं आणि एका सुरात केकाटत राहतं, त्याचे पाय हाताला गार लागतात. घाबरलेली पिल्लं कडेकडेनं पळत सुटतात. तुमच्याकडे ती ‘जाळीला धावत होती’ असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणजे हा दुसरा प्रकार.

याचं कारण बदकाच्या स्वभावात आहे. कोंबडी काळोख पडला की मुकाट बसते, रात्री उचलून दुसरीकडे ठेवली तरी फारशी कुरकुर करत नाही. बदकाला रात्री कोंबडीपेक्षा बरंच दिसतं आणि त्याची झोप सावध असते. अमेरिकेतल्या इंडियाना स्टेट विद्यापीठात नील्स रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की रांगेत झोपलेल्या मॅलार्ड बदकांपैकी कडेची बदकं एक डोळा उघडा ठेवून, अर्ध्या मेंदूनं झोपतात, आणि तो उघडा डोळा कळपाच्या बाहेरच्या बाजूला असतो. आपली खाकी कॅम्पबेल या मॅलार्डच्याच वंशातली. तेव्हा कडेच्या एका पिल्लाला काही हललेलं दिसलं की ते उठतं आणि पाठोपाठ अख्खा कळप. उडून माचीवर बसायची सोय नसते, म्हणून सगळी एका दिशेला पळतात आणि कोपऱ्यात चेंगरतात. तळाची गुदमरतात, नाहीतर पाय दुखावून घेतात. बदकाचे पाय नाजूक असतात आणि लंगडं पिल्लू दाण्या-पाण्याला मागे पडतं.

म्हणून पिल्लांच्या खोलीत मंद दिवा ठेवायचा. कशामुळे दचकलो ते दिसलं की पिल्लं पुन्हा बसतात. पेकिन जातीच्या बदकांच्या व्यापारी फार्मवर रात्रभर मंद दिवे ठेवतात ते याच कारणासाठी. काळोखाची सवय त्यांना लागते, त्याची काळजी नको. एका क्षणात लख्ख उजेडातून मिट्ट काळोखात गेलं की मात्र ती बिथरतात, आणि परवा तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

मंद म्हणजे किती? दिवा लावून दोन मिनिटं आत थांबा. पाण्याच्या भांड्याची कड दिसली पाहिजे, वर्तमानपत्राचा मोठा मथळा जेमतेम लागला पाहिजे आणि बातमी वाचता येता कामा नये. तुमच्या आठ बाय सहाच्या खोलीला अर्ध्या वॅटचा एलईडी पुरे. जुन्या काचेच्या झिरोच्या बल्बाला नाव झिरो असलं तरी तो बारा-पंधरा वॅट खायचा आणि तापायचाही, तो नको. रंग पिवळसर घ्या. निळा टाळा.

जागा नीट निवडा. दिवा छताला किंवा भिंतीला घट्ट बसवा. वायरीला लोंबकळता होल्डर सोडला की वाऱ्यानं झुलतो आणि भिंतीवर पाण्याच्या डब्याची सावली पुढे-मागे पळते. आपलं तिकडे लक्ष जात नाही, पिल्लांना मात्र तो कोणीतरी आत आल्याचा भास होतो, आणि अशा खोलीतली पिल्लं रात्रभर उठबस करतात. एका कोपऱ्यात दिवा आणि समोरचा कोपरा ठार काळा असंही नको, कारण घाबरली की त्या काळ्या कोपऱ्यातच कोंबतात. कोपऱ्यांना पुठ्ठा किंवा पत्र्याची पट्टी वाकवून लावा म्हणजे कोपरा उरतच नाही. हे दिव्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पाणी आणि वीज यांची गाठ पडू देऊ नका. कोंबडीचं पिल्लू पाणी पितं, बदकाचं पिल्लू पाणी पिऊन वर डोकं झटकतं. ते शिंतोडे बल्बावर उडतात, तापलेल्या काचेवर गार थेंब पडला की काच तडकते आणि तुकडे थेट तुसात. तापणारा बल्ब जाळीच्या टोपीत आणि साखळीनं बांधलेलाच हवा, तूस पेट घेतं. जोडाची वायर खाली नको आणि लाईनवर आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. उबेसाठी पुन्हा कधी मोठा दिवा आणलात तर न फुटणारा म्हणून टेफ्लॉनचा थर दिलेला आणू नका, तो थर तापल्यावर निघणारी वाफ पक्ष्यांना मारते.

आता लाईट जाण्याचं. आपल्याकडे पावसाळ्यात रात्री दोनला लाईट गेली की परवाचाच प्रकार, फक्त तुम्ही झोपेत. त्यामुळे साधा झिरो लावण्यापेक्षा आत बॅटरी असलेला इन्व्हर्टर बल्ब दुसऱ्या होल्डरला ठेवावा असं पुष्कळ जण सुचवतात. तो लाईट गेल्यावर एकदम नऊ वॅटचा प्रकाश मारतो, तेही दचकवणारंच. त्यावर जाड कापडी पिशवी बांधा किंवा तो खोलीबाहेर व्हरांड्यात लावा. माझी पसंती छोट्या सोलर दिव्याला. त्याचा दिवा रोज रात्री आतच असू द्या, म्हणजे लाईट गेली काय आणि आली काय, पिल्लांना फरक कळत नाही. सलग ढगाळ दिवस आले की तो पहाटेआधीच मान टाकतो, तेवढं लक्षात ठेवून जुलैमध्ये यूएसबीवर चार्ज करून घ्या.

राखणीचा मुद्दा मी थोडक्यात उडवतो. मुंगूस दिवसा फिरतो. रात्री येतात ते कांडेचोर, रानमांजर, घूस आणि भटकी कुत्री, आणि यातलं कोणीही झिरोच्या बल्बाला भीक घालत नाही. घूस तर दिव्याखालून बीळ पाडून येते. षटकोनी भोकांची कोंबडीची जाळी बदकांना आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही: कांडेचोराचा पंजा आत येतो. अर्धा इंची वेल्ड मेश (तारा जोडून केलेली चौकोनी भोकांची जाळी) घ्या, ती जमिनीत फूटभर पुरा, आणि दाराला साध्या आकड्याऐवजी कडी-कोयंडा घाला. उलट बाहेर लावलेला प्रखर दिवा काम वाढवतो. पहिल्या पावसानंतर त्यावर वाळवीची पंखवाली पाखरं झुंडीनं येतात, पाखरांसाठी बेडूक येतात, बेडकांसाठी साप. दिवा आतच हवा आणि मंदच हवा.

मग बंद कसा करायचा? सात-आठ आठवड्यांनी पिसं भरली की मी शुक्ल पक्ष बघतो. एकादशीच्या आसपास दिवा काढायचा. तेव्हा संध्याकाळी चंद्र वर असतो आणि रात्रीचा मोठा भाग उजेड असतो, पौर्णिमेला तर रात्रभर. पुढे कृष्ण पक्षात चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो, म्हणजे काळोख आपोआप थोडाथोडा वाढत जातो आणि अमावास्येपर्यंत पिल्लं त्याला सरावतात. खोलीला जाळीची बाजू असेल तरच हे चालतं. बंद खोली असेल किंवा आभाळ भरलेलं असेल तर दिवा एका आठवड्यात टप्प्याटप्प्यानं लांब न्या: आधी दाराशी, मग व्हरांड्यात, मग बंद. सांजेचा उजेड असतानाच पिल्लांना आत घ्या, म्हणजे डोळे आपसूक सरावतात.

(हीच पिल्लं खुडूक कोंबडीखाली निघाली असती तर यातलं काहीच लागलं नसतं. डालग्याखाली मिट्ट काळोखात ती आईच्या पोटाखाली गप्प झोपतात. पिल्लं विकत आणली की आईची सगळी कामं आपल्या गळ्यात पडतात.)

राहिला अवेळी अंड्यावर येण्याचा मुद्दा. पिल्लं देणाऱ्याचं म्हणणं खोटं नाही, पण ते तुमच्या झिरोला लागू नाही. दिवस लांबतोय असं शरीराला वाटलं की बदकं लवकर वयात येतात. यात डोळ्यांची गरजही नसते. फ्रान्सच्या जाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवरच प्रयोग करून दाखवलं की उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि डोळे नसलेल्या नरांतही वृषणं वाढतात. म्हणून दोन महिन्यांनंतर खोलीत नऊ वॅटचा पांढरा एलईडी रात्रभर जळत ठेवला तर माद्या कच्च्या अंगानं अंड्यावर येऊ शकतात. तशी अंडी लहान निघतात आणि अंडं अडकण्याचा धोका वाढतो. दिवसाच्या उन्हापुढे अर्ध्या वॅटचा मिणमिणता दिवा दिवसात मोजला जात नाही, आणि तुम्ही तोही आठव्या आठवड्यात काढणार आहात. तिथून साधारण पाच महिन्यांच्या होईपर्यंत फक्त सूर्याचा दिवस. आपल्याकडे तो डिसेंबरात अकरा तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो.

माद्या अंड्यावर आल्यावर हिवाळ्यात अंडी कमी पडली तरच दिव्याचा विचार करा. दिवस आणि दिवा मिळून चौदा तास भरतील इतकाच, ठरल्या वेळी आणि मध्ये खंड न पाडता. तो पहाटे लावलात तर संध्याकाळी नैसर्गिक सांज मिळते आणि एकदम काळोख होण्याची भानगड राहत नाही. बदकं बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या आत घालतात, म्हणून तोवर दार उघडू नका, नाहीतर अंडी तळ्यात शोधावी लागतात.