नवी गाडी आणि सोलापूर-पुणे : निघण्याआधी एवढं बघ

नवी मोटरसायकल सोलापूरहून पुण्याला न्यायची म्हणतोस, तर जायला हरकत नाही, पण पहिली सर्व्हिसिंग उरकून जा. सुरुवातीला इंजिनातल्या पिस्टनच्या (वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या) रिंगा सिलिंडरला घासून बसतात, तो धातूचा बारीक कीस ऑइलमध्ये उतरतो, आणि सर्व्हिसिंगला ते ऑइल बदलतात. सर्व्हिसिंग किती किलोमीटरला, ते गाडीच्या पुस्तकात बघ. शेजारच्याला विचारू नकोस! तोवर अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशा जवळच्या फेऱ्या मार.

नवखे बहुतेक हायवेवरच चुकतात. पुणे रस्ता सरळ, त्यामुळे तासभर एकाच वेगात गाडी धरली जाते. रिंगा नीट बसायला इंजिनावरचा ताण कमी-जास्त व्हावा लागतो. म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी वेग बदल, अधूनमधून थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सोड. पुस्तकातली आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) मर्यादा पाळ. उलट चूकही होते: जपायचं म्हणून टॉप गिअरात ३० ने रखडवणं. इंजिन हादरायला लागलं की गिअर उतरव.

- पहिले १५० किलोमीटर नवे टायर गुळगुळीत असतात, वळणावर गाडी फार झुकवू नकोस.
- डबलसीट आणि जड सामान सध्या नको.
- नवी चेन लवकर सैल पडते. निघताना ती आणि ऑइलची पातळी तपास.
- उन्हाळ्यात पहाटेच नीघ, तासाला दहा मिनिटं थांब.